शेजारच्या सीटवरची झोप

मास्तर झोपले होते. भर दुपारी, भर चौकात, लाल सिग्नलला, ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर मान काचेला टेकवून गाढ झोपले होते, आणि स्टिअरिंगवर एक बाई होती. मी शेजारच्या बसमध्ये, खिडकीपाशी, मांडीवर पडद्याच्या कापडांचे नमुने घेऊन. बस उंच, गाडी ठेंगणी, त्यामुळे वरून सगळं दिसत होतं. तोंड किंचित उघडं. हात मांडीवर उताणे. पाय दोन्ही सपाट, सैल. बाईनं एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं, मग हात लांब करून त्यांच्या बाजूचं उन्हाचं झापड खाली केलं, डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून. इतक्या हळू केलं की बाई गं, लेक तान्हा होता तेव्हा त्याचं पांघरूणसुद्धा मी कधी इतक्या हळू सारखं केलं नसेल. सिग्नल सुटला. गाडी एकही धक्का न देता निघाली, बस मागे राहिली, आणि मी दुकानात पोचेपर्यंत खिडकीतून ती गाडी शोधत राहिले. दुसऱ्या एखादीनं नवऱ्याला परक्या बाईशी हसताना पाहिलं असतं. ते परवडलं असतं. मास्तर सगळ्यांशीच हसतात. पण झोप?

आता यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल, कारण त्यांना मास्तर माहीत नाहीत. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मनातल्या मनात मीसुद्धा. तोंडानं आपलं ‘अहो’. केस काळे होते तेव्हापासून ते लोकांना गाडी शिकवतायत. क्लासच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला की गाडी थांबवायला. त्या ब्रेकवर त्यांचा उजवा पाय इतका मुरलाय की जेवताना टेबलाखालीसुद्धा मधूनच दाबला जातो. आमच्या घरच्या गाडीत त्या बाजूला ब्रेक नाही, कुणाच्याच नसतो. पण मी चालवायला बसले की मास्तर शेजारी बसून रबराची चटई दाबतात. पुढे सायकलवाला दिसला, दाब. उभ्या गाडीत कुणी दाराशी हात नेला, दाब. दाबून दाबून त्या चटईला चवड्याएवढं भोक पडलंय. एकदा बदलली, नवीलाही पडलं. ‘अहो, मला तुम्हीच शिकवलंत ना? की लायसन्स मला लॉटरीत लागलंय?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर, ‘तुझ्यावर विश्वास आहे गं, रस्त्यावर नाही.’ आणि पुन्हा पाय. एकदा तापानं फणफणले होते, मी दवाखान्यात नेत होते, अंगाला हात लावला तर चटका बसेल असा ताप, तरी डोळे टक्क उघडे. ‘बस थांबलीय बघ. तिच्या पुढून माणूस येईल. हळू घे.’ आणि आला हो खरंच, छत्री सांभाळत एक म्हातारा. मास्तरांचं नेहमी खरं होतं, हाच तर वैताग आहे. तर एवढ्या संसारात हा माणूस गाडीत माझ्या शेजारी एकदाही झोपला नाही. एकदाही नाही. आणि काल आलेल्या बाईच्या शेजारी मान टाकून, पाय सैल सोडून, तोंड उघडं टाकून! कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी.

दुकानात दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. मी पडद्याच्या दुकानात आहे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, शिवून आलं की जाऊन टांगायचं. बाहेरच्या खोलीचं कापड निवडताना माणसं मोठ्यानं बोलतात, शेजारणीला हाक मारून विचारतात. झोपायच्या खोलीशी आलं की आवाज आपोआप खाली येतो. आरपार काही दिसणार नाही ना, दिवा लावला तरी सावली पडणार नाही ना. मी अस्तर दाखवते, दुहेरी, हाताला जड. माणूस झोपेत कसा दिसतो हे फक्त घरच्यांनी बघायचं असतं, एवढं तरी मला पडदे विकून कळलंय. आणि माझ्या नवऱ्याची झोप चौकात मांडलेली, तिला एका परक्या बाईनं झापड पाडून सावली केलेली. गिऱ्हाइकाला मी निळ्याऐवजी करडं कापड दाखवत राहिले. ‘ताई, निळं म्हटलं होतं,’ ती म्हणाली. हसले. काय सांगू तिला, मी किती काळी-निळी झालेय ते.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. आम्ही वेगळे झोपतो. मास्तरांचं घोरणं म्हणजे कारखाना. आधी करवत, मग एकदम सामसूम, मग पाण्यातून कुणी डोकं वर काढावं तसा हबका, आणि पुन्हा करवत. लेक नोकरीला गेला, त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा मास्तरच म्हणाले, ‘तू तिकडे झोप. तुझी झोपमोड होते, दुसऱ्या दिवशी शिडीवर चढायचं असतं तुला.’ मी म्हटलं किती ही काळजी, आणि उशी उचलून गेले. तेव्हा गोड वाटलेलं ते वाक्य मी त्या दिवशी खिशातून काढून पुन्हा पाहिलं. कुणाची झोपमोड? मला का घालवलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या मनात काय असतं ते कुणी म्हणत नाही. त्याला जो तो चोर दिसतो.

रात्री जेवायला बसलो. जेवताना मास्तर आम्हाला नेहमी अपघात वाढतात. लेक लहान असल्यापासूनची सवय. कुणी कुठे का ठोकलं याची चिरफाड. पुढच्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवायचं, ते ठेवलं नव्हतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून काय होतंय, आधी वेग कमी करायचा. फोन वाजला म्हणून खाली बघितलं, बस, तेवढंच पुरतं. आणि त्यांचं सगळ्यात आवडतं, ‘वळणावर कुणी झोपत नाही. झोपतात ते सरळ रस्त्यावर. दुपारची वेळ, भरलेलं पोट, समोर मोकळा रस्ता, की समज घात झाला.’ हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. त्या दिवशी मात्र ते गप्प गप्प जेवत होते. मीच सुरुवात केली.

‘आज दुपारी कोण होतं शिकायला?’

‘ती नर्स. मोठ्या हॉस्पिटलातली.’

‘कशी चालवते?’

‘हात चांगला आहे. घाई नाही. मागून कितीही हॉर्न मारा, बिथरत नाही.’

हात चांगला आहे! मला कधी म्हणाले का? मला आपलं, ‘ठीक. आरसा बघ.’ मी आमटी वाढायच्या निमित्तानं उभी राहिले. ‘मग तुम्हाला जरा आरामच.’

‘आराम कसला? डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.’

डोळ्यांत तेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर खोटं बोलतोय हा माणूस, आणि माझ्या हातचं जेवतोय. तेवढ्यात त्यांचा घास हातातच राहिला, नजर ताटावर, पापण्या जड. तिचाच विचार चाललाय, मी मनात म्हटलं. ‘अहो!’ दचकले. ‘काय? हं, मीठ बरोबर आहे,’ म्हणाले. मी मिठाचं विचारलंच नव्हतं.

मला तिला बघायचं होतं. बसमधून दिसला होता तो नुसता हात आणि मागे बांधलेले केस. मग एके दुपारी, मास्तर एका मुलीला घेऊन बाहेर गेलेत आणि पुढचा नंबर नर्सचा आहे हे फोनवर विचारून, मी क्लासच्या ऑफिसात गेले. निमित्त होतं, तिथल्या खिडकीला पडदाच नव्हता, ऊन थेट टेबलावर. लांबट खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलावर खेळण्यातल्या चार गाड्या, चौकातून आधी कुणी जायचं ते शिकवायला. बाकावर ती बसली होती. देखणी असती तर एका अर्थानं बरं झालं असतं. मी हरले असते आणि विषय संपला असता. पण ती साधी निघाली. माझ्याच वयाच्या आसपासची, पायात चपटे पांढरे बूट, डोळ्यांखाली रात्रपाळीचा काळेपणा. तिच्यात असं काय आहे, हा प्रश्न तिथे बसल्याबसल्या मला जास्तच जाळायला लागला. ती उठली. ‘तुम्ही सरांच्या मिसेस ना? बरं झालं भेटलात. मी येणारच होते तुमच्याकडे.’

‘पडदे शिवायचेत का?’ मी म्हटलं.

‘नाही हो. एक विचारायचं होतं. सर रात्री नीट झोपतात का?’

काय निर्लज्ज बाई असेल! माझ्या नवऱ्याच्या रात्री ही मला विचारतेय. मी टेप काढली, उघडली, परत बंद केली. ‘झोपतात की. तुमच्याकडे काही तक्रार आली का?’

‘तक्रार नाही, पण झोपेत त्यांचा...’ ती थांबली, शब्द शोधत होती, आणि मला तिचा तो शोधही सहन होईना. ‘तुम्ही कधी जवळ बसून ऐकलंय का?’

‘बाई,’ मी म्हटलं, ‘आमच्या घरातलं घोरणं आमच्या घरात राहू दे. तुम्ही तुमचा क्लच सांभाळा. आणि जरा सरका, खिडकीचं माप घ्यायचंय.’

तिचा चेहरा लाल झाला. ‘तसं नाही वहिनी,’ म्हणाली आणि बाजूला सरकली. वहिनी! मी तिच्याकडे पाठ करून खिडकी मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा वेगळं माप आलं, आजवर कधी झालं नाही असं. घरी येताना मी जिंकल्यासारखी चालत होते, आणि कोपऱ्यावर वळताना लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय. जवळ बसून ऐकलंय का, म्हणे. म्हणजे हिनं ऐकलंय.

तरी मी मूग गिळून बसले. का बसले ते मलाच ठाऊक. विचारलं आणि ‘हो’ म्हणाले तर? तर मी घरातल्या कुठल्या खोलीत उभी राहणार होते? मग सुट्टीचा दिवस आला. माझ्या धाकट्या बहिणीनं गावाबाहेर नवं घर घेतलंय, तिचे पडदे शिवून तयार होते, ते टांगून यायचं ठरलं. कापडाचे गठ्ठे मागच्या सीटवर, दांडे लांब म्हणून मागून पुढपर्यंत आम्हा दोघांच्या मधून आलेले. मास्तर चालवायला, मी शेजारी. जेवूनच निघालो. गाव संपलं, दुकानं विरळ झाली, मग दोन्हीकडे मोकळी जमीन आणि समोर पट्टीनं आखल्यासारखा रस्ता. मी तोंड फिरवून बाहेर बघत होते. रुसले होते, आणि रुसलेय हे त्यांना कळावं म्हणून मान अगदी खिडकीकडे वळवून बसले होते. त्यांनी एकदा दांड्यांवरून माझ्याकडे बघितलं, पुन्हा समोर. मनात मी तिच्याशी भांडत होते. तिला सांगत होते, तुला यांची झोप मिळाली असेल, पण यांचा ताप मी काढलाय, यांच्या आईचं दुखणं मी काढलंय, या माणसाच्या बनियनचं माप मला विचार. आणि ती काही उलट बोलत नव्हती, नुसती झापड खाली करत होती, हळूच. शेवटी मला राहवेना. बाहेर बघतच म्हटलं, ‘एक विचारू? खरं सांगाल?’

ते काही बोलले नाहीत.

‘तिच्या शेजारी बसून तुम्हाला झोप लागते. मी बघितलंय, माझ्या डोळ्यांनी. माझ्या शेजारी का नाही लागत कधी? मी काय कमी केलं?’

गप्प. चाकांचा एकसुरी आवाज. मी वाट बघितली. सापडला की माणूस असाच गप्प होतो, मी मनात म्हटलं, आणि तो अबोला मला इतका झोंबला की वाटलं दार उघडून उतरावं. मग चाकांचा आवाज बदलला. खडीचा झाला. एक बाजू खाली गेली. मी मान वळवली आणि मास्तरांची हनुवटी छातीवर होती. तोंड किंचित उघडं. पाय मात्र सैल नव्हता, पाय वजनासकट अॅक्सिलरेटरवर पडलेला. समोर रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा, मागच्या चाकाखाली दगड, मागे तोडून टाकलेली एक फांदी, आणि ट्रकच्या सावलीत उकिडवा बसलेला माणूस, हातात पान्हा. तो आमच्याकडेच बघत होता. हातब्रेक पडद्याच्या दांड्यांखाली गेला होता. माझा पाय खाली दाबला गेला, जीव खाऊन, आणि चवडा त्या भोकात गेला. तिथे काही नव्हतं. ‘अहो!’ मी ओरडले. काही नाही. बायकोचं ‘अहो’ कुणाला जागं करतं? मग माझ्या तोंडून तो शब्द आला जो हा माणूस दिवसभर दुसऱ्यांना ओरडून सांगतो. ‘ब्रेक!’

डोळे उघडायच्या आधी त्यांचा पाय उठून ब्रेकवर पडला. खडी उडाली, दांडे पुढे येऊन काचेवर आपटले, मागचे गठ्ठे खाली कोसळले, आणि गाडी फांदीवर चढून थांबली. इंजिन बंद पडलं. ट्रकवाला उठला, पान्हा खाली ठेवला, पँटला हात पुसत माझ्या खिडकीशी आला.

‘बरं झालं थांबलात,’ म्हणाला. ‘मघापासून कुणी थांबत नाही. पाणी आहे का थोडं?’

मी त्याला बाटली दिली. झाकण उघडायचंही मला सुचलं नाही, त्यानंच उघडलं, भला माणूस. तो पाणी पीत सावलीत गेला. त्याला कळलंच नाही. मास्तर स्टिअरिंग धरून बसले होते, चेहरा भिंतीसारखा पांढरा.

‘लागला का?’ त्यांनी विचारलं.

‘काय?’

‘डोळा.’

मी मान हलवली. त्यांनी हात सोडले आणि तळव्यांकडे बघत बसले. ‘बरेच दिवस झाले,’ म्हणाले. ‘रात्रभर झोपतो, सकाळी झोपलोच नाही असं वाटतं. मग दिवसा कधीही. कळतसुद्धा नाही गं. शिकणारा कुणी असला की कधी ब्रेक लावावा लागेल ही धास्ती असते म्हणून निभतं. ती नर्स चालवत होती तेव्हा मात्र दोनतीनदा झोप लागली. एकदा तिनं गाडी कडेला लावून मला झोपू दिलं, बाजूला बसून ऐकलं, आणि उठवून म्हणाली, सर, झोपेत तुमचा श्वास थांबतो. आमच्याकडे असे पेशंट येतात. डॉक्टरांकडे जा, नाहीतर मी घरी सांगेन.’

‘मग गेला नाहीत.’

‘गेलो असतो आणि ते म्हणाले असते, गाडी बंद करा. मग? मला दुसरं येतं काय? घरी बसून तुझे पडदे शिवू?’ हसायला गेले, जमलं नाही. ‘तिनं तुला सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे. तू क्लच सांभाळायला सांगितलंस.’

लाज वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. तो उकिडवा बसलेला माणूस, त्याच्या हातातला पान्हा, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. पण खरं सांगू? लाजेच्या आधी, त्या भीतीच्याही आधी, वाटला तो हेवाच. त्यांचा श्वास थांबतो हे आधी तिला कळलं. मी शेजारच्या खोलीत उशी घेऊन झोपले होते, करवत थांबली की सुटले म्हणून कूस बदलत होते, आणि त्या सामसुमीचा अर्थ ती परकी बाई रस्त्याच्या कडेला गाडी लावून ऐकत होती.

‘उतरा,’ मी म्हटलं. ‘मी चालवते.’

‘अगं, पडदे...’

‘पडदे गेले चुलीत. हॉस्पिटलात जायचंय. तिच्याच. तिला म्हणावं, वहिनी आल्यात, आता सांग काय सांगायचं ते.’

ते उतरले, गाडीला वळसा घालून आले, दांडे मागे सारून शेजारी बसले. ट्रकवाल्यानं फांदी ओढून काढली आणि हात केला. मी आरसा बघितला, मागून येणारी बस जाऊ दिली, गाडी फिरवली. थोडा वेळ त्यांचा पाय चटई दाबत होता. समोरून टेम्पो, दाब. कडेनं शाळकरी सायकली, दाब. ‘अंतर ठेव,’ म्हणाले. ‘ठेवलंय,’ मी म्हटलं. मग बोलणं थांबलं. मग दाबणंही थांबलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मान काचेला टेकलेली, हात मांडीवर उताणे, पाय त्या भोकावर सपाट, सैल. तिरीप तोंडावर येत होती. मी हात लांब करून झापड खाली केलं. हळू.

झोपले होते. माझ्या शेजारी. इतकी वर्षं जे मागितलं ते असं पदरात पडलं, आणि मला कळेना की हा विश्वास आहे की दुखणं. करवत सुरू झाली. मी वेग कमी केला, काच वर केली, ऐकायला. करवत चालली, चालली आणि थांबली. गाडीत काही ऐकू येईना. छाती हलेना. मी आरसा बघितला, सिग्नल दिला, गाडी कडेला घेऊन थांबवली, सगळं त्यांनी शिकवल्याप्रमाणे, आणि त्यांच्या दंडाकडे हात नेला. आणि हात लागायच्या आधी, मेलीला मला, क्षणभर वाटलं, असू दे. झोपू दे अजून जरासं, माझ्या शेजारी.

मग मी त्यांना गदागदा हलवलं. ‘अहो, उठा,’ म्हटलं. ‘श्वास घ्या.’